कबरस्थानातील हाडे, मेंदूचे अरण्य : सांतियागो रामोन इ काहाल यांचे जीवन



बेंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस निघाले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर होसकोटे हे गाव लागते. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. सतराव्या शतकात बेंगळुरूबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत होते, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. अलीकडच्या काळात मात्र हे गाव प्रसिद्ध झाले आहे ते पहाटेच्या मटण बिर्याणीसाठी. शनिवारी-रविवारी उजाडण्यापूर्वीच बेंगळुरूची माणसे गाड्या काढून तेथे येतात व रांगा लावतात.

जेथे इतके मटण शिजते, तेथील खाटकाच्या दुकानात भेजाही असतोच. दहावीत शिकणारा एखादा मुलगा त्याच दुकानावरून रोज शाळेत जातो. शाळेत तो मेंदूची आकृती पाहतो आणि प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावे परीक्षेसाठी पाठ करतो. पुस्तकातील आकृती आणि दुकानातील भेजा ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत हे त्याला कोणी सांगत नाही, आणि त्याच्याही मनात येत नाही. होसकोटे असो, अहिल्यानगर असो वा वसई, आपल्या सगळ्यांच्या गावी थोड्याफार फरकाने हेच चालले आहे.

हा दुवा एखाद्या मुलाला कोणी जुळवून दिला तर काय घडू शकते, हे ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते असे एक गृहस्थ स्पेन देशात होऊन गेले. मेंदू हे अखंड विणलेले जाळे नसून तो स्वतंत्र पेशींचा बनलेला आहे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. आज त्यांना आधुनिक मेंदूविज्ञानाचे जनक म्हणतात. त्यांच्या शाळेने मात्र हा मुलगा वाया गेला असे ठरवून टाकले होते. आपण पालक असाल, शिक्षक असाल किंवा रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत असाल, तर त्यांच्या मोठेपणाहून त्यांच्या पौगंडावस्थेकडे अधिक लक्ष देऊन हे चरित्र वाचावे अशी विनंती आहे.

बाळपण

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगरातील खेड्यात झाला. सांतियागो हे प्रेषित याकोबाच्या नावाचे स्पॅनिश रूप आहे. वडिलांचे नाव हुस्तो रामोन आणि आईचे आंतोनिया काहाल. त्या देशात मूल वडिलांचे व आईचे अशी दोन्ही कुलनावे लावते, म्हणून त्याचे पूर्ण नाव सांतियागो रामोन इ काहाल असे झाले. त्यातील ‘इ’ म्हणजे ‘आणि’.

हुस्तो रामोन गरीब शेतकऱ्याच्या घरातून आलेले होते. लहानपणी एका न्हावी-शस्त्रवैद्याच्या हाताखाली राबून ते तो धंदा शिकले. पुढे संसार सांभाळून, पैसा पैसा जोडून त्यांनी वैद्यकीची रीतसर पदवी मिळवली. असा मनुष्य कष्टावर आणि पाठांतरावर श्रद्धा ठेवील हे स्वाभाविक होते. वालपाल्मास या गावी राहत असताना मेंढपाळांच्या एका गुहेत नेऊन त्यांनी मुलाला फ्रेंच भाषा शिकवली. गुहेत कोणाचा व्यत्यय नव्हता. शिकवण्याची हौस त्यांना होती, मात्र जे पोट भरत नाही ते शिकण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता.

सांतियागोला चित्रकलेचे वेड होते. भिंत, दार, पुस्तकाचा कोरा भाग, जे हाती येईल त्यावर तो रेखाटत असे. रंग विकत घ्यायला पैसे नसत, म्हणून रंगवलेल्या भिंती खरवडून तो रंग जमवी. वडिलांना हा आळशीपणा वाटे. अखेर या प्रश्नाचा निकाल लावावा म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. आयेर्बे या गावी चर्चच्या भिंती रंगवण्यासाठी एक रंगारी आला होता. मुलाने काढलेले प्रेषित याकोबाचे चित्र घेऊन वडील मुलासह त्याच्याकडे गेले. रंगाऱ्याने चित्र पाहिले आणि या मुलाला कला येणार नाही, असा निवाडा दिला. झाले! त्या दिवसापासून घरात कागद-पेन्सिल निषिद्ध ठरली.

भिंतींना रंग देणाऱ्या एका परक्या माणसाच्या शब्दावर मुलाच्या आवडीचा फैसला झाला. आज आपणही एखाद्या परीक्षेच्या गुणांवर किंवा शिकवणीच्या वर्गात लावलेल्या यादीवर असाच फैसला करत नाही काय?

शाळेचा तुरुंग आणि खराखुरा तुरुंग

पुढे सांतियागोला हाका या गावी धर्मगुरूंनी चालवलेल्या शाळेत घातले. तेथे लॅटिन भाषेचे नियम शब्दशः पाठ करावे लागत. या मुलाच्या मनात चित्र पक्के बसे, परंतु शब्दांच्या माळा त्याच्या ध्यानी राहत नसत. छडी, कोंडून ठेवणे आणि उपाशी ठेवणे या त्या काळच्या शिक्षा त्याच्या वाट्याला भरपूर आल्या. त्याचा परिणाम उलटाच झाला. मुलगा अधिकच बंडखोर बनला.

सुमारे अकरा वर्षांचा असताना त्याने एक लाकडी तोफ तयार केली, तीत दारू व दगडगोटे भरले आणि शेजाऱ्याच्या बागेचे नवे दार उडवून दिले. तक्रार झाली आणि गावाच्या कोठडीत त्याला काही दिवस राहावे लागले. वडिलांनी सोडवून आणण्याची घाई केली नाही. शिक्षेने मुलगा सुधारेल अशी त्यांची समजूत होती. कोठडीत पिसवांचा त्रास झाला. सुधारणा काही झाली नाही, कारण बाहेर आल्यावर त्याने दुसरी तोफ केली.

तथापि एका गोष्टीकडे आपले लक्ष असावे. ज्या मुलाला अभ्यासात गती नाही असे सारे म्हणत होते, त्याने तोफेची नळी पोखरली, दारूचे प्रमाण जमवले आणि नेम साधला. जुलै १८६० मध्ये सूर्यग्रहण झाले, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. विद्वानांनी आधीच सांगितलेल्या घटकेला आकाश खरोखर काळवंडले याचे त्याला इतके आश्चर्य वाटले की उतारवयात आठवणी लिहितानाही तो प्रसंग त्यांनी आवर्जून नोंदवला. कुतूहल त्या मुलाजवळ भरपूर होते. त्याला वाट मिळत नव्हती, एवढेच.

उएस्का येथील विद्यालयातही गाडे रुळावर येईना. वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे उमेदवारीस ठेवले आणि नंतर शाळेतून काढून चांभाराच्या हाताखाली दिले. आश्चर्य असे की जोडे शिवण्यात तो तरबेज झाला. हातांना काम मिळताच त्याची बुद्धी जागी होत असे. पुन्हा शाळेत गेल्यावर चित्रकलेच्या वर्गात त्याने उत्तम प्रगती केली. त्या विषयाच्या शिक्षकांनी वडिलांकडे त्याची रदबदलीही केली, पण वडील बधले नाहीत.

१८६८ चा उन्हाळा

वाचकहो, येथे या चरित्राला वळण मिळते, आणि ते त्याच कठोर वडिलांच्या हातून मिळते.

सांतियागो सोळा वर्षांचा झाला होता. उन्हाळ्याच्या सुटीत तो आयेर्बेला घरी आला होता. याला वैद्यकीच शिकवायची असा वडिलांचा निश्चय कायम होता. परंतु या वेळी त्यांनी पुस्तक हाती देण्याऐवजी वेगळाच मार्ग धरला. एका चांदण्या रात्री ते मुलाला घेऊन गावच्या कबरस्थानाकडे गेले. भिंत चढून दोघे आत उतरले. जुन्या कबरींतून वर आलेली, एका कोपऱ्यात गवतात पडलेली मानवी हाडे त्यांनी गोळा केली आणि घरी आणली. मृतांविषयी आज आपण जो आदर बाळगतो त्यात हे बसणारे नाही, आणि आजच्या कायद्यातही बसणारे नाही. त्या काळी शरीरशास्त्र शिकण्याचे दुसरे साधन खेडेगावात नव्हते.

घराच्या धान्याच्या कोठारात वडिलांची शाळा भरू लागली. कवटी, मणके, बरगड्या, मनगटातील लहान लहान हाडे यांपैकी एकेक हाड मुलाच्या हाती द्यायचे, त्यावरील खाचा, भोके आणि उंचवटे बोटांनी चाचपायला लावायचे, या भोकातून कोणती शीर जाते आणि या उंचवट्याला कोणता स्नायू धरतो ते विचारायचे, असा तो क्रम होता. आणि आता मुलाला चित्र काढण्याची बंदी राहिली नाही. हाडाची ओळख पटवायची तर ते रेखाटावेच लागे. ज्या पेन्सिलीसाठी मार खाल्ला तीच पेन्सिल अभ्यासाचे साधन झाली.

वाया गेलेला मुलगा दोन महिन्यांत अस्थिशास्त्र शिकला. स्मरणशक्ती नाही असे ज्याच्याविषयी म्हटले जाई, तो शेकडो अवघड नावे बिनचूक सांगू लागला, कारण प्रत्येक नावामागे त्याने हाताळलेली एक वस्तू उभी होती. वडिलांना इतका अभिमान वाटू लागला की ओळखीचे डॉक्टर भेटले की ते मुलाला पुढे करून प्रश्न विचारावयास सांगत.

वडील तेच होते आणि मुलगाही तोच होता. बदल झाला तो दोन गोष्टींत. खरी वस्तू मुलाच्या हाती आली, आणि त्याच्या अंगी असलेल्या देणगीला अभ्यासात जागा मिळाली. यापलीकडे त्या उन्हाळ्यात काहीही घडले नाही. पण पुढील सारे जीवन त्यातूनच उगवले.

सैनिकी वैद्य ते प्राध्यापक

सारागोसा येथे सांतियागो वैद्यकी शिकू लागला. वडीलही तेथे शरीरशास्त्र शिकवण्याच्या कामावर आले होते. पितापुत्रांनी शवविच्छेदनाच्या खोलीत एकत्र काम केले, आणि मुलाने काढलेल्या रंगीत आकृत्या पाहून त्यांचे पुस्तक काढावे असे वडिलांनाच वाटू लागले. ज्या हाताने कागद काढून घेतले होते तोच हात आता ते कागद जपून ठेवत होता. तेथील छपाईत तसे रंग उतरण्याजोगे नव्हते म्हणून तो बेत राहून गेला.

१८७३ मध्ये काहाल पदवीधर झाले. लगोलग लष्करात भरती व्हावे लागले आणि पुढच्या वर्षी त्यांची रवानगी क्युबा बेटावर झाली. तेथील दलदलीत हिवताप व आमांश यांनी ते खंगून गेले. १८७५ मध्ये प्रकृती गमावून ते मायदेशी परतले. नंतर फुफ्फुसांच्या क्षयानेही त्यांना गाठले, परंतु त्यातून ते वाचले. डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी ते १८७७ मध्ये माद्रिदला गेले असता तेथे सूक्ष्मदर्शकाखालील ऊती पाहून ते भारावले, आणि क्युबातील नोकरीतून शिल्लक राहिलेल्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी एक सूक्ष्मदर्शक खरेदी केला. घराच्या माळ्यावर त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली.

१८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सात मुले झाली. तुटपुंज्या पगारातून रसायने, पुस्तके आणि छपाई यांचा खर्च निघावा म्हणून या स्त्रीने घरखर्चात किती काटकसर केली असेल याची कल्पना संसारी वाचकांना सहज येईल. बार्सिलोनातील कामाच्या दिवसांत त्यांची एक लहान मुलगी मेंदूज्वराने दगावली. पती सूक्ष्मदर्शकावर वाकलेला असता पत्नीने घर सावरले. विज्ञानाच्या इतिहासात अशा स्त्रियांना एखादीच ओळ मिळते, म्हणून येथे त्यांचे स्मरण करणे उचित आहे.

वालेन्सिया येथे काहाल प्राध्यापक असताना १८८५ मध्ये पटकीची मोठी साथ आली. या रोगाविषयी त्यांनी केलेल्या अभ्यासाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्यांना त्साइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. चांगले हत्यार हाती आले. आता गरज होती ती चांगल्या प्रश्नाची.

मेंदूचे अरण्य

त्या काळी मेंदूविषयी मोठा वाद चालू होता. शरीरातील इतर अवयव पेशींचे बनलेले आहेत हे मान्य झाले होते. मेंदू मात्र एक अखंड जाळे आहे, त्यातील सर्व तंतू एकमेकांत मिसळलेले आहेत, असे बहुतेक विद्वानांचे मत होते. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप पाहिला तर तंतूंची इतकी गुंतागुंत दिसे की एक कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो हे कळत नसे.

इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये एक नवी रंगपद्धत शोधली होती. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला की हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण दिसतात. दाट रानातील बाकीची झाडे अदृश्य होऊन एकच झाड उभे राहावे तसे ते दृश्य असे. ही पद्धत लहरी होती, म्हणून चौदा वर्षे तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. १८८७ मध्ये माद्रिद येथे लुईस सिमार्रो या डॉक्टरांच्या घरी काहाल यांनी असे काप पाहिले आणि त्यांच्या कामाची दिशा ठरली.

त्याच वर्षी ते बार्सिलोनाला गेले. तेथे त्यांनी दोन साध्या युक्त्या केल्या. रौप्यरंगाची प्रक्रिया त्यांनी एकदा न करता पुन्हा केली, त्यामुळे ती भरवशाची झाली. दुसरी युक्ती अधिक महत्त्वाची. पूर्ण वाढलेला मेंदू हे घनदाट अरण्य आहे, तर मग रोपवाटिकेत जाऊन कोवळी रोपे का पाहू नयेत, असा विचार करून त्यांनी पक्ष्यांचे गर्भ आणि प्राण्यांची नवजात पिले अभ्यासाला घेतली. यासाठी मोठ्या संस्थेची गरज नव्हती. अंडी लागत, चिकाटी लागे आणि रेखाटणारा हात लागे. तो हात तर आयेर्बेच्या कोठारात तयार झालेला होता.

१८८८ साली पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात त्यांनी पाहिले की काही तंतूंची टोके दुसऱ्या पेशीच्या देहाभोवती टोपलीसारखी विणलेली आहेत. ती त्या पेशीला बिलगतात, परंतु तिच्यात मिसळत नाहीत. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे, आणि संदेश एकीकडून दुसरीकडे जातो तो स्पर्शाने, विलीन होऊन नव्हे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपण ज्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत असे सांगतो, त्या वाक्याचा पाया येथे घातला गेला. जाळे अखंड असते तर मोजायचे काय?

हा शोध छापायला कोणी नाही, म्हणून त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले. मे १८८८ मध्ये त्याचा पहिला अंक निघाला, प्रती फक्त साठ. त्या परदेशी विद्वानांना पोस्टाने पाठवल्या. स्पॅनिश भाषा त्या वर्तुळात फारशी कोणी वाचत नसे, त्यामुळे उत्तरे आली नाहीत. तेव्हा ऑक्टोबर १८८९ मध्ये काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक सामानात बांधून ते स्वखर्चाने बर्लिनला गेले. जर्मन शरीरशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. एका टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ते एकेकाला बोलावू लागले. गुहेत शिकलेली भाषा तेथे उपयोगी आली! त्या काळचे श्रेष्ठ ऊतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन कोलिकर यांनी भिंगातून पाहिले आणि त्यांचे मत पालटले. त्यांचे वय तेव्हा बहात्तर होते. काहाल यांचे लेखन वाचता यावे म्हणून या वृद्ध पंडिताने पुढे स्पॅनिश भाषा शिकून घेतली. मुलांना शिकवणाऱ्या आपणा सर्वांसाठी हाही धडा आहे.

१८९१ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. १८९७ मध्ये दोन पेशींच्या संधिस्थानाला चार्ल्स शेरिंग्टन यांच्या लेखनातून ‘सिनॅप्स’ हे नाव मिळाले. १९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना विभागून देण्यात आले. प्रसंग मोठा विलक्षण होता. गॉल्जी अखंड जाळ्याचे मत सोडायला तयार नव्हते, आणि पारितोषिकाच्या व्याख्यानातही त्यांनी काहाल यांच्या सिद्धांताचा प्रतिवाद केला. काहाल यांनी गॉल्जींच्या पद्धतीचे ऋण मान्य करून आपले पुरावे मांडले. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील सूक्ष्म फट प्रत्यक्ष दाखवली तेव्हा हा वाद निकाली निघाला. त्या वेळी दोघेही हयात नव्हते.

तरुणांसाठी, आणि एक चूक

आपल्यासारख्या मुलांची आठवण काहाल यांनी ठेवली. १८९७ मध्ये माद्रिदच्या विज्ञान अकादमीत दिलेल्या भाषणातून त्यांनी तरुण संशोधकांसाठी उपदेशाचे एक पुस्तक सिद्ध केले. मोठमोठ्या नावांपुढे अति लवू नये, महत्त्वाचे सारे शोध लागून गेले असे मानू नये, आपल्या बुद्धीला कमी लेखू नये, कारण मध्यम बुद्धीही एकाच गोष्टीवर दीर्घकाळ लावली तर फळ देते, असा त्याचा आशय आहे. भारी उपकरणांच्या मोहात पडून काम न करणाऱ्यांची त्यांनी त्यात थट्टाही केली आहे. १९०७ पासून एका सरकारी मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्पेनमधील अनेक तरुणांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी शिकावयास धाडले. तेयो, दे कास्त्रो, रिओ ओर्तेगा असे नामवंत शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले.

परंतु चरित्र सांगताना उणीव झाकू नये. पिओ देल रिओ ओर्तेगा हे त्यांचे शिष्य अत्यंत कुशल होते. मेंदूतील एका निराळ्या प्रकारच्या लहान पेशी त्यांनी १९१९ मध्ये दाखवून दिल्या. ते काम काहाल यांच्या स्वतःच्या मताशी जुळणारे नव्हते. त्यातच प्रयोगशाळेतील माणसांत कुरबुरी झाल्या, आणि १९२० मध्ये काहाल यांनी या शिष्याला प्रयोगशाळेबाहेर जाण्यास सांगितले. ज्याला लहानपणी कोंडून ठेवले होते त्यानेच म्हातारपणी दुसऱ्यासाठी दार बंद केले. पुढे हा दुरावा बराच कमी झाला. रिओ ओर्तेगा यांचे म्हणणेच पुढे खरे ठरले. आपल्या आज्ञेत राहणाऱ्या मुलाला उत्तेजन देणे सोपे असते. आपल्याहून वेगळे पाहणाऱ्याला जागा देणे थोर माणसांनाही जड जाते.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी काहाल निवर्तले. अखेरपर्यंत ते लिहीत होते. त्यांच्या हातची हजारो रेखाटने मागे राहिली. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांचा व त्यांच्या शिष्यपरंपरेचा संग्रह जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवला. आयेर्बेच्या रंगाऱ्याने ज्याला कला येणार नाही म्हटले होते त्याची ही चित्रे आहेत.

पुन्हा होसकोटे

आता आपण जेथून निघालो तेथे परत जाऊ. होसकोट्यापासून तीसेक किलोमीटरवर, बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर निम्हान्स ही मेंदू व मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील विकृतिशास्त्र विभागात मेंदूचे एक संग्रहालय आहे. मृत्यूनंतर संशोधनासाठी दिलेले शेकडो मेंदू तेथे जतन केलेले असून शाळा-महाविद्यालयांतील मुलांना ते दाखवले जातात, आणि हातमोजे घालून खरा मानवी मेंदू हाती घेऊ दिला जातो. रक्तस्राव झालेला मेंदू कसा दिसतो, गाठ झालेला कसा, वार्धक्याने आकसलेला कसा, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. ज्यांना काहाल यांच्या वडिलांप्रमाणे भिंत चढावी लागत नाही अशा मुलांच्या भाग्याचा आपण उपयोग करून घ्यावा.

सर्वांना बेंगळुरूला जाणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. खाटकाला आधी सांगून ठेवले तर तो बोकडाचा किंवा मेंढीचा भेजा अखंड काढून देतो. एक ताट, हातमोजे, साबण, कोरा कागद आणि पेन्सिल एवढी तयारी पुरे. दोन अर्धगोल कोठे जुळतात, वळ्या कशा पडल्या आहेत, मागचे लहान अनुमस्तिष्क कापले तर आत झाडाच्या फांद्यांसारखी पांढरी नक्षी कशी दिसते, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. नावे मागाहून सांगावीत. आणि प्रत्येकाने पाहिलेले रेखाटावे. चित्र सुबक नसले तरी चालेल, कारण हाताने रेखाटताना डोळा नीट पाहू लागतो.

त्या वर्गात एखादा मुलगा असेल, ज्याच्या वह्या अपुऱ्या आहेत, जो बाकावर चित्रे कोरतो आणि ज्याच्याविषयी शिक्षकांच्या खोलीत चांगले बोलले जात नाही. ताट त्याच्यापुढे आधी ठेवा. तो पुढे शास्त्रज्ञ होईल असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. हुस्तो रामोन यांनाही त्या चांदण्या रात्री पुढचे काही ठाऊक नव्हते. सोळा वर्षे त्यांनी मुलावर जे लादले ते निष्फळ ठरले, आणि दोन महिने त्याच्याबरोबर बसून जे केले ते फळाला आले. आपल्या घरात वा वर्गात असा एखादा मुलगा असेल, तर येत्या सुटीत आपण त्याच्या हाती काय देणार, याचा आजच विचार करावा.